धीट नसलेल्या बायका

वहिनींची कागदोपत्री जन्मतारीख 1 जून. त्यांच्या पिढीतल्या कितीतरी मास्तर-बाईंची ती तीच असते, शाळेत नाव घालताना गुरुजींनी मांडली ती. त्यामुळे निवृत्ती 31 मेची, आणि तेव्हा शाळेला सुट्टी, म्हणून कार्यक्रम एप्रिलच्या शेवटी उरकला. पत्र्याखालची खोली, दोनच पंखे, उकाड्यात जड झालेला निशिगंधाचा वास. वहिनींबरोबर त्याच शाळेतले एक गुरुजीही निवृत्त होत होते, तेव्हा दोघांचा सत्कार एकाच व्यासपीठावर. बोलणारे सगळे भले लोक होते आणि मनापासून बोलत होते, हे आधी सांगते. गुरुजींना सगळ्यांनी सांगितलं, आता फिरा, शेतात लक्ष घाला, भजनाची आवड आहे ती जोपासा, गावाला तुमच्या अनुभवाचा उपयोग होऊ द्या. वहिनींना सांगितलं, बाई, आता घराला वेळ द्या, नोकरीपायी इतकी वर्षं जे राहिलं ते भरून काढा, नातवंडांत रमा. मग गुरुजींच्या पत्नीला व्यासपीठावर बोलावलं, त्यांनी घर सांभाळलं म्हणून. माझ्या दादाला बोलावलं, त्यानं बायकोला नोकरी करू दिली म्हणून. दादाला शाल मिळाली, वहिनींची ओटी भरली गेली, आणि वहिनी प्रत्येक वाक्याला मान हलवत राहिल्या, जसं त्या आयुष्यभर हलवत आल्या आहेत.

गाडीत त्या मागे माझ्याशेजारी बसल्या होत्या. मांडीवर हार, नारळ, खणाची घडी, मुलांनी स्वतःच्या हातानं केलेली चुरगळलेली शुभेच्छापत्रं. पसरणी घाटाच्या दिशेचे डोंगर उन्हानं पांढुरके झाले होते. वाई जवळ आल्यावर त्यांनी पुढे बसलेल्या दादाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात मला विचारलं, "वन्सं, खरंच का हो माझं घराकडं दुर्लक्ष झालं?"

मी ताबडतोब नाही म्हटलं. त्यांना ते पुरलं नाही.

ज्या बाईला मी पहाटे चारला उठून पोळ्यांचा ढीग रचताना पाहिलं, सासूच्या औषधाच्या गोळ्या वारांप्रमाणे चिठ्ठ्या लावून डब्यांत ठेवताना पाहिलं, एसटी चुकली तर दुधाच्या टेम्पोत बसून शाळा गाठताना पाहिलं, तिनं हा प्रश्न विचारावा याचा सल मला अजून आहे. शाळा म्हणजे नुसते तास नव्हते. निवडणूक लागली की त्यांची ड्यूटी, जनगणना आली की दारोदार फिरणं, खिचडीचा हिशोब, पटनोंदणी. पाळी जायच्या दिवसांत वर्गात उभं राहून 'गवताचं पातं' शिकवता शिकवता अंगाला घामाच्या धारा लागायच्या, ब्लाउज भिजायचा, म्हणून त्या घाम पुसायला पर्समध्ये एक जास्तीचा नॅपकिन ठेवायच्या. आपल्याकडे बायकांची पाळी साधारण 46-47 व्या वर्षी थांबते, म्हणजे ऐन जबाबदारीच्या काळात. घरात कुणाला ते कळलंही नाही. दिवाळीचा फराळ ठरल्या दिवशीच झाला. केंद्र सरकारच्या 2019 च्या वेळ-वापर पाहणीत असं दिसलं की स्वतःच्या घरचं काम करणारी बाई दिवसाला सरासरी 299 मिनिटं बिनपगारी घरकामात घालवते आणि घरकामाला हात लावणारा पुरुष 97. वहिनींची मिनिटं कुणी मोजली नाहीत. पण मोजली असती तरी व्यासपीठावरच्या वाक्यांत फरक पडला असता असं मला वाटत नाही, कारण ती वाक्यं हिशोबातून येत नव्हती. बाई बाहेर गेली की घराचं काहीतरी देणं तिच्या नावावर चढतं, या समजातून ती येत होती. आणि हा समज बोलणाऱ्यांइतकाच वहिनींच्याही मनात होता.

याच सुमारास माझी एक मैत्रीण बँकेतून निवृत्त झाली. निरोपाच्या दुसऱ्या आठवड्यात तिनं गाण्याचा क्लास लावला, पावसाळ्यात राजगडावर जाऊन आली, मुलाला फोनवर सांगून टाकलं की मला गृहीत धरू नकोस. आता तिची नवी मित्रमंडळी आहेत, ती बारीकही झाली आहे आणि तिच्या हसण्यात एक मोकळा खळखळाट आला आहे. मला तिचं मनापासून कौतुक वाटतं. फक्त आमच्या घरात तिचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतं, "तिचा स्वभावच तसा. आपल्या वहिनींचा कुठला असायला." इथे संभाषण संपतं. स्वभावाला औषध नाही, असं आपण म्हणतो आणि त्या माणसाला त्याच्या नशिबावर सोडून पुढे जातो.

स्वभावाचा वाटा मोठा असतो, हे मी नाकारत नाही. काळजी करण्याची खोड ज्यांच्या अंगात मुरली आहे त्यांना प्रत्येक वळण अंगावर येतं, मग ते लग्न असो, बाळंतपण असो, मुलं घरातून निघून जाणं असो. माणसांत रमणारीला नव्या गावातही चार दारं लवकर उघडतात. नव्या गोष्टींची उत्सुकता असलेली बाई रिकाम्या दुपारचा काहीतरी उपयोग करते. मानसशास्त्रवाले हे सगळं मोजतात. तरी ज्या एका अभ्यासानं माझ्या मनात घर केलं, त्यातली गंमत वेगळी आहे. कॅलिफोर्नियात ओकलंडला मिल्स नावाचं मुलींचं कॉलेज होतं. तिथून 1958 आणि 1960 मध्ये पदवी घेतलेल्या सुमारे 140 जणींचा मागोवा रेव्हेना हेल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढची कित्येक दशकं घेतला. एकविशीत, मग 27 व्या वर्षी, 43 व्या, 52 व्या, पुढे साठी ओलांडल्यावरही. त्या काळच्या अमेरिकेत चांगल्या मुलीचं समाजानं लावून दिलेलं एक वेळापत्रक होतं, 28 च्या आत लग्न आणि मूल. ते पाळणाऱ्या मुली कॉलेजात असताना अगदी व्यवस्थित, मेहनती, सगळ्यांना हव्याशा वाटणाऱ्या होत्या. सत्ताविशीपर्यंत त्यांची जबाबदारीची जाण वाढली, सहनशीलता वाढली, स्वतःवरचा ताबा वाढला. आणि स्वतःवरचा विश्वास मात्र उतरला. पुढे त्रेचाळिशीपर्यंत जाताना त्यांच्यात ठामपणा आणि स्वतंत्र बाणा वाढत गेला, आणि त्याच कॉलेजच्या निरनिराळ्या वयांच्या माजी विद्यार्थिनींना विचारलं तेव्हा आपलं आयुष्य सध्या उत्तम चाललंय असं सांगणाऱ्या पन्नाशीच्या सुरुवातीच्या बायकांत सर्वांत जास्त निघाल्या.

वाचून मला आधी आनंद झाला आणि मग कसंसंच झालं. स्वभाव बदलतो, हे कळलं म्हणून आनंद. आणि तो बदलायला त्यांच्याभोवतीचं जग बदलत होतं हेही दिसलं म्हणून कसंसं. त्या बायका तिशीच्या झाल्या त्याच सुमारास तिकडे स्त्रीमुक्तीची चळवळ उभी राहत होती, नोकऱ्या खुल्या होत होत्या, बाईनं काय करावं याबद्दलची मतं घराघरांत वादाला येत होती. शिवाय त्या शिकलेल्या, बहुतेक गोऱ्या, बऱ्या घरच्या. आमच्या वहिनींच्या वाट्याला पन्नाशीत सासूचं अंथरुण आलं.

आमच्या वाईच्या वाड्यात दोन विधवा होत्या. एक माझी आई आणि दुसरी समोरच्या बाजूच्या काकू. आई मवाळ, सगळ्यांचं मन राखणारी, भांड्याला भांडं लागलं तरी आपणच आवाज केल्यासारखी ओशाळणारी. काकू तोंडाच्या फटकळ. नळावर त्यांच्यापुढे कुणाची टाप नव्हती, भाडं वाढवायला आलेल्या मालकाला त्यांनी जिन्यावरूनच परत पाठवल्याचं मी ऐकलं आहे. वडील गेल्यावर आईनं हिरव्या बांगड्या काढल्या, रंगीत साड्या मावशांना देऊन टाकल्या आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ती स्वयंपाकघरात राहून तिळगुळाचे लाडू वळू लागली. कुणी तिला आत जा म्हणालं नव्हतं. बाहेर हसण्याचे आवाज, अत्तरदाणी, गुलाबदाणीचं पाणी, बांगड्यांची किणकिण, आणि आत आई, परातीत गरम गुळाचे चटके सोसत. काकू मात्र कृष्णाबाईच्या उत्सवात घाटावर ठसक्यानं जायच्या, कपाळावर काळी टिकली लावायच्या आणि बघणाऱ्याकडे उलट बघायच्या. लहानपणी मला वाटे, आईनं काकूंसारखं व्हावं.

मग काकूंच्या पुतणीचं लग्न झालं. वाड्यातच मांडव होता. पुतणीला काकूंनीच वाढवलेलं, रुखवतापासून मोदकांच्या सारणापर्यंत सगळ्यांवर त्यांची नजर. मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आधी त्या माझ्यासमोरून आत निघून गेल्या आणि अक्षता पडेपर्यंत कोठीच्या खोलीत बसून राहिल्या. कुणी अडवलं नव्हतं त्यांना, अडवायची कुणाची हिंमतच नव्हती. पोरीच्या संसाराला आपली सावली नको, असं त्यांनाच वाटलं. सगळ्या गावाशी भांडणाऱ्या त्या बाईला स्वतःच्या मनातल्या त्या एका गोष्टीशी भांडता आलं नाही. आईचं आणि काकूंचं दुःख सारखंच होतं. एकीचं दिसत होतं, दुसरीचं फटकळपणाखाली झाकलेलं होतं, इतकाच फरक.

तेव्हापासून मला 'तिचा स्वभावच तसा' हे उत्तर पुरेसं वाटत नाही. बाई कशी आहे यावर तिचं वळण कसं पार पडेल हे ठरतं, पण आपण कोण आहोत, आपल्याला काय शोभतं, आपली हक्काची जागा कुठली, याबद्दल तिच्या मनात काय पेरलं गेलंय, यावर ते अधिक ठरतं. एकच सोशिकपणा एका घरात ताकद होतो आणि दुसऱ्या घरात त्याच बाईला आतून पोखरतो.

रमाबाई रानड्यांचं मला म्हणूनच फार वाटतं. आपण धीट बायकांच्या गोष्टी आवडीनं सांगतो, आणि रमाबाई तशा नव्हत्या. 1873 मध्ये अकराव्या वर्षी लग्न होऊन आलेली ही मुलगी उलट बोलायची नाही. नवऱ्यानं वाचायला शिकवलं म्हणून घरातल्या बायकांनी टोमणे मारले, अबोला धरला, तेही तिनं मुकाट्यानं घेतलं. 1901 च्या जानेवारीत त्यांचे पती न्यायमूर्ती रानडे गेले तेव्हा त्या चाळिशीच्याही नव्हत्या. पुढे जवळजवळ वर्षभर त्या कशातच पडल्या नाहीत. या टप्प्यावर त्या कायमच्या माजघरात गेल्या असत्या तर कुणाला नवल वाटलं नसतं, उलट लोकांनी वाखाणलंच असतं. पण शिकलेलं हाताशी होतं, घर होतं, भोवती भली माणसं होती, काम सुचवणारे होते. त्या बाहेर आल्या त्याही आपल्या मवाळ चालीनंच. 1909 मध्ये पुण्यात सेवासदन उभं राहिलं आणि तिथे विधवा, परित्यक्ता, अर्धवट शिकलेल्या कितीतरी जणी शिक्षिका झाल्या, नर्स झाल्या. पुढे मुलींच्या सक्तीच्या शिक्षणासाठी आणि बायकांच्या मताधिकारासाठीही रमाबाई उभ्या राहिल्या. मला यातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते ती ही, की सेवासदनाच्या दारातून आत यायला कुणाला बंडखोर असावं लागत नव्हतं. लाजरी मुलगीही तिथे येऊन शिवणाच्या यंत्रावर बसू शकत होती.

असाच आनंद मला 2022 च्या मे महिन्यात झाला होता. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं 4 मे रोजी ग्रामसभेत ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही, जोडवी काढायची नाहीत. राजर्षी शाहूंच्या स्मृतिशताब्दीचे ते दिवस होते. त्याच महिन्यात राज्य शासनानं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हेरवाडचं अनुकरण करायला सांगितलं. ठराव कागदावर राहतात, हे मलाही ठाऊक आहे. जिच्या घरात आत्ताच मरण घडलंय तिनं त्या घडीला ठराव आठवून नातेवाइकांशी वाद घालावा अशी अपेक्षा कुणीच करू नये. पण ठरावामुळे तो वाद तिला एकटीला घालावा लागत नाही. जाऊ म्हणू शकते, चुलता म्हणू शकतो, सरपंच म्हणू शकतो, की आपल्या गावात हे होत नाही. माझ्या आईसारख्या बाईला हे किती मोठं आहे, ते धीट बायकांना कदाचित समजणार नाही. आईला कुणी हाताला धरून बाहेरच्या खोलीत आणलं असतं तर ती आली असती. स्वतःहून ती कधीच येणार नव्हती.

वहिनींच्या बाबतीत पंचाईत अशी की तिथे फोडायला बांगड्या नाहीत. निवृत्त बाईवर कुठलाही उघड विधी होत नाही ज्याच्यावर ग्रामसभेनं बंदी घालावी. सगळं प्रेमानं, शाल-नारळ देऊन होतं. नोकरीत असताना 'शाळा आहे' एवढं म्हटलं की त्यांना घरातून बाहेर पडायचं कारण मिळायचं, ते कारण एका तारखेला गेलं. जूनमध्ये मी गेले तेव्हा त्या सकाळी सात वाजता साडी नेसून, वेणी घालून ओट्यावर उभ्या होत्या. माळ्यावरचे पितळी डबे चिंचेनं घासून लख्ख केले होते, गोधड्यांना ऊन दाखवून झालं होतं, दादाच्या शर्टांची बटणं लावून झाली होती. चेहरा मात्र उतरलेला. शाळेत पहिलीच्या वर्गाला बाई मिळाली नव्हती आणि मुख्याध्यापकांनी विचारलं होतं, रोज दोन तास येऊन मुलांना वाचायला बसवाल का. मानधन नाही म्हणाले, पण पोरं तुम्हाला ओळखतात. वहिनींनी सांगितलं, घरी विचारून कळवते. आणि त्यांनी विचारलंच नाही. "ह्यांना जेवण गरम लागतं," एवढंच मला म्हणाल्या.

त्यातच मुलाचा फोन आला. सुनेची 26 आठवड्यांची बाळंतपणाची रजा संपत आली होती, आई आता मोकळी आहे, तिनं पिंपरीला यावं. इथे माझंही मन एका बाजूचं राहत नाही. बाळाचा व्हिडिओ बघताना वहिनींच्या तोंडावर जे उजळतं ते मी पाहिलं आहे, आणि तो आनंद कुणी शिकवलेला, लादलेला आहे असं म्हणण्याचा मला काहीएक अधिकार नाही. नातवाच्या अंगाला तेल लावणं आणि पहिलीतल्या पोराला काना-मात्रा शिकवणं, दोन्हींत वहिनी मनापासून असतात. मला खुपतं ते एवढंच, की एकीकडची ओढ सगळे बोलून दाखवतात आणि दुसरीकडची स्वतः वहिनीसुद्धा बोलत नाहीत. आपल्याला काय हवंय, हा प्रश्न कुणी त्यांना विचारलेला नाही, त्यामुळे उत्तराची सवयच नाही. मी विचारलं तेव्हा त्या दचकल्या आणि म्हणाल्या, "मला काय हवं असणार?"

कोंडी फोडली ती सुनेनं. ती मुलगी फार बोलकी नाही, पण तिच्या आईनं तिला काही गोष्टी सरळ मागायला शिकवलंय. तिनं वाईला येऊन वहिनींसमोर बसून सांगितलं, "आई, ऑफिसच्या जवळ एक पाळणाघर मी बघून आले आहे. स्वच्छ आहे. तुम्ही पहिला महिना या, बाळ रुळेपर्यंत. पण तुमच्या शाळेचं मला कळलंय. ते सोडू नका." मला वाटलं होतं वहिनी सुटल्यासारख्या होतील. त्या दुखावल्या. रात्री अंथरुणावर त्या मला म्हणाल्या, "म्हणजे आता माझी तिथंही गरज नाही." त्यांची समजूत घालायला मी काहीही बोलले नाही, कारण ते दुखणं खरं होतं. ज्या एका जागेवर आपण लागतोच अशी आयुष्यभर खात्री बाळगली, ती जागाही आता पगार घेऊन कुणी सांभाळणार होतं. दुसऱ्या दिवशी त्या दिवसभर गप्प होत्या. सुनेला डिंकाचे लाडू बांधून दिले, बाळाच्या टोपड्याची नाडी बदलली, अळवाची पानं धुऊन पुसून वर्तमानपत्रात गुंडाळून दिली.

निघायच्या वेळी सून पाया पडायला वाकली, तेव्हा त्यांनी तिला थांबवलं. दादा आणि मुलगा दोघंही तिथेच उभे होते, डिकीत सामान भरत. वहिनी 2005 च्या नोव्हेंबरआधी नोकरीला लागलेल्या, त्यामुळे त्यांना जुनी पेन्शन आहे. लग्न झाल्यापासून त्यांनी पगाराचा हिशोब दादाकडे दिला होता, त्या पैशांबद्दल मी त्यांना कधी चारचौघांत बोलताना ऐकलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "पाळणाघराचे पैसे माझ्या पेन्शनीतून जातील. पण महिन्यातले दोन शनिवार-रविवार बाळाला घेऊन इकडं यायचं, ते ठरलं. आणि सोमवारपासनं मी शाळेत जातीय, सात ते नऊ." शेवटचं वाक्य त्या दादाकडे न बघता बोलल्या. दादानं डिकी लावली आणि विचारलं, "मग नाश्त्याचं?" सून म्हणाली, "बाबा, पोहे मी शिकवते तुम्हाला, आत्ताच, दहा मिनिटं लागतील," आणि चपला काढून परत आत गेली.